अयस्कांताचे परिमार्जन

सांख्यदर्शनाने विश्वाची उपपत्ती लावताना पुरुष आणि प्रकृती अशी दोन अंतिम तत्त्वे मानली. त्यांपैकी पुरुषाला चैतन्य दिले पण क्रिया दिली नाही, आणि प्रकृतीला क्रिया दिली पण चैतन्य दिले नाही. त्यामुळे जे जाणते ते हालत नाही आणि जे हालते ते जाणत नाही, अशा दोघांच्या सहवासातून हा एवढा सुसंगत, हेतुपूर्वक रचल्यासारखा दिसणारा संसार उभा कसा राहिला, हा प्रश्न त्या दर्शनाला पहिल्यापासून सोडवावा लागला. ईश्वरकृष्णाने आपल्या कारिकांत त्यासाठी पांगळ्याचा आणि आंधळ्याचा दृष्टांत दिला, वासरासाठी आपोआप पाझरणाऱ्या दुधाचा दिला. पुढे त्याच परंपरेत अयस्कांत मण्याचा, म्हणजे लोहचुंबकाचा, दृष्टांत रूढ झाला. मणी स्वतः काही करीत नाही, कोणता हेतू धरीत नाही, केवळ सन्निध असतो. आणि त्याच्या त्या नुसत्या असण्याने लोखंड हालू लागते.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादावर भाष्य करताना शंकराचार्यांनी या दृष्टांताची उलटतपासणी केली आहे. त्यांचा मुख्य आक्षेप प्रसिद्ध आहे: पुरुषाचे सान्निध्य जर नित्य असेल तर प्रकृतीची प्रवृत्तीही नित्यच राहील, ती कधी थांबणार नाही, आणि मग मोक्षाची वार्ताच नको. परंतु त्या आक्षेपाच्या ओघात ते चुंबकाविषयी आणखी एक गोष्ट जाता जाता सांगून जातात, आणि माझे लक्ष वर्षानुवर्षे तिच्यावरच खिळून राहिले आहे. चुंबकाचे सान्निध्य नित्य नसते, ते घडवून आणावे लागते. आणि शिवाय त्याला परिमार्जनाची, म्हणजे पुसून स्वच्छ करण्याची, अपेक्षा असते. ज्याला सांख्यांनी निष्क्रिय कर्तृत्वाचा आदर्श म्हणून उभे केले, तो मणीही मळतो, आणि मळला की त्याला कोणीतरी धुवावे लागते. अलिप्त राहून कार्य घडविणारा असा कोणी जगात असतो काय, आणि असलाच तर त्याच्या अलिप्ततेचा खर्च कोणाच्या खाती पडतो, हा प्रश्न आचार्यांच्या त्या दोन शब्दांत दडलेला आहे. त्याची चर्चा आजवर मठांत आणि पाठशाळांत झाली. परंतु गेल्या दोनशे वर्षांत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, आणि अलीकडे ग्राफीन नावाच्या द्रव्याच्या निमित्ताने, तिला जे रूप आले आहे ते धर्मजिज्ञासूनेही दुर्लक्षू नये असे आहे.

येना येथील डोबेरायनर याने 1823 साली प्लॅटिनमच्या सच्छिद्र चूर्णावर हायड्रोजनचा झोत सोडला, तेव्हा तो वायू साध्या हवेत, बाहेरून उष्णता न देता, पेट घेऊ लागला. आणि प्लॅटिनम मात्र होते तसेच राहिले. असे अनेक प्रकार एकत्र करून स्वीडनच्या बर्झेलियसने 1835 साली त्यांना उत्प्रेरण हे नाव दिले. काही द्रव्ये स्वतः भाग न घेता, निव्वळ आपल्या उपस्थितीने, इतर द्रव्यांतील सुप्त आकर्षण जागे करतात, अशी त्याची कल्पना होती. सांख्यांचा अयस्कांत मणी जणू स्टॉकहोममध्ये पुन्हा अवतरला. आपल्या शाळांतून उत्प्रेरकाची जी व्याख्या पाठ करून घेतली जाते, तिच्यातही हाच भाव शिल्लक आहे: जो अभिक्रियेचा वेग बदलतो आणि स्वतः अविकृत राहतो, तो उत्प्रेरक.

ही व्याख्या शेवटच्या ताळेबंदापुरती खरी आहे, मधल्या व्यवहाराविषयी ती खोटी आहे. तुलूझच्या पॉल साबातिये याने निकेलच्या साहाय्याने तेलांत आणि इतर सेंद्रिय द्रव्यांत हायड्रोजन भरण्याची जी रीत बसविली, आणि जिच्याबद्दल त्याला 1912 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, तिच्या अभ्यासातून त्याने आग्रहाने असे मांडले की उत्प्रेरक अलिप्त मुळीच नसतो. तो अभिक्रियेतील द्रव्यांशी तात्पुरते संयुग करतो, स्वतः बदलतो, आणि ते संयुग मोडले की पूर्वस्थितीला येतो. या विचारातून निघालेले तत्त्व आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर येणारा रेणू फार सैल धरला गेला तर काही घडण्यापूर्वीच निसटून जातो. फार घट्ट धरला गेला तर घडून झाल्यावरही सुटत नाही, ती जागा अडवून बसतो, आणि त्या जागेपुरते उत्प्रेरकाचे काम संपते. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड चिकटतो तेव्हा नेमके हेच होते, आणि त्या शास्त्रात त्याला विषबाधाच म्हणतात. उत्तम उत्प्रेरक तो, ज्याचा बंध या दोन टोकांच्या मधोमध पडतो.

गीतेच्या अनासक्तीचा अर्थ सांगताना आपल्याकडे दोन वाटा पूर्वापार चालत आल्या आहेत. एका वाटेने जाणारे म्हणतात की ज्ञानी पुरुष कर्माला स्पर्शच करीत नाही, तो साक्षी असतो, कर्मे त्याच्याभोवती होत राहतात. दुसऱ्या वाटेचे म्हणणे असे की तो पुरतेपणी कर्मात उतरतो, त्याने बदलतो, त्याची झळ सोसतो, आणि तरीही फळाला चिकटून राहत नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिताना दुसऱ्या वाटेचा कैवार किती निकराने घेतला हे मराठी वाचकाला सांगावयास नको. आणि विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत, सूर्याचा दाखला देऊन, कर्म करीत असता अकर्मी राहण्याची आणि काही न करता सारे करविण्याची अशी अकर्माची दोन्ही रूपे एकाच अवस्थेच्या दोन बाजू म्हणून दाखविली. माझी स्वतःची श्रद्धा अशी आहे की निसर्गाने यात कौल दिला असेल तर तो साबातियेच्या बाजूने, म्हणजे लोकमान्यांच्या बाजूने, दिला आहे. स्पर्शावाचून साहाय्य करणारा एकही उत्प्रेरक अजून सापडलेला नाही. अनासक्ती म्हणजे बंधाचा अभाव नव्हे. बंध यथाकाल सोडून देता येण्याइतका बेताचा असणे, हेच तिचे भौतिक रूप आहे. उत्प्रेरक आणखी एक मर्यादा पाळतो, तिचा उल्लेख येथेच करतो: जे घडणे मुळात शक्य नाही ते तो घडवीत नाही, समतोलाचे स्थान तो हलवीत नाही, केवळ तेथवर पोहोचण्याची वाट सोपी करतो.

आता ग्राफीनकडे वळतो. औषधे, रंग, सुगंधी द्रव्ये यांच्या निर्मितीत मालापेक्षा कचरा किती निघतो याचा हिशेब हॉलंडमध्ये काम करणाऱ्या रॉजर शेल्डन याने 1992 साली मांडला, तेव्हा औषधांच्या बाबतीत एका किलोमागे 25 ते 100 किलो, आणि क्वचित त्याहून अधिक, उत्सर्ग पडतो असे दिसले. अल्कोहोलपासून अल्डिहाइड करावयाचे तर क्रोमियमचे क्षार वापरण्याची जुनी वहिवाट होती, आणि वापरून झालेले क्रोमियम पाण्यात जात होते. पॅलेडियम आणि प्लॅटिनम यांनी कचरा कमी होतो, परंतु ते दुर्मीळ आहेत, खाणींतून प्रचंड माती उपसून काढावे लागतात, आणि औषधात त्यांचा अंश राहिला तर तो रुग्णाच्या शरीरात जातो. अॅनॅस्टस आणि वॉर्नर यांनी 1998 साली हरित रसायनाची जी 12 तत्त्वे सांगितली, त्यांत उत्प्रेरणाला स्वतंत्र स्थान दिले ते यामुळेच. तारापूर, महाड, लोटे-परशुराम येथील रासायनिक वसाहतींच्या खाली ज्या खाड्या आहेत, त्यांच्या काठी मासेमारीवर जगणाऱ्यांना हा विषय परका नाही.

या पार्श्वभूमीवर, धातू अजिबात न वापरता, निव्वळ कार्बनकडून हे काम करून घेता आले तर, ही आकांक्षा निर्माण झाली. मँचेस्टर येथे गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी 2004 साली ग्राफाइटपासून एकाच अणूच्या जाडीचा थर वेगळा करून दाखविला. षट्कोनी जाळीत गुंफलेल्या कार्बन-अणूंच्या या पापुद्र्याला आतला भाग असा नसतोच. त्याचा प्रत्येक अणू पृष्ठभागावर असतो, आणि एका ग्रॅमचे क्षेत्रफळ हिशेबाने सुमारे 2630 चौरस मीटर भरते. ज्या पदार्थाला स्वतःसाठी राखून ठेवलेले अंतरंग नाही, सारेच व्यवहारासाठी उघडे आहे, त्याच्याकडे उत्प्रेरणाच्या अभ्यासकांचे लक्ष जाणे साहजिक होते. 2010 साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे बिएलाव्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्राफीन ऑक्साइडच्या साहाय्याने बेंझिल अल्कोहोलचे बेंझाल्डिहाइड, म्हणजे कडू बदामाच्या वासाचे द्रव्य, करून दाखविले. क्रोमियम नाही, पॅलेडियम नाही, केवळ कार्बन, त्यावरील ऑक्सिजनयुक्त गट आणि हवा.

मात्र त्या प्रयोगाचा तपशील पाहिला तर एक शंका मनात येते, आणि ती शास्त्रज्ञांनीही घेतली. चांगले उत्पन्न मिळविण्यासाठी वापरलेले ग्राफीन ऑक्साइड मूळ द्रव्याच्या वजनाच्या दुप्पट होते. आणि काम होत असता त्याच्यावरील ऑक्सिजनचा काही भाग कमी होत होता. तो ऑक्सिजन हवेतून पुन्हा भरून निघत असेल तर ग्राफीन ऑक्साइड खरा उत्प्रेरक. नाही तर तो स्वतःची पुंजी देऊन टाकणारा एक अभिकर्मक. नायट्रोजनच्या वातावरणात काम फारच मंदावते, यावरून हवेतील ऑक्सिजन हिशेबात येतो असे त्या मंडळींनी दाखविले. पण वजनाची ती दुप्पट नोंद नजरेआड करता येत नाही. देणारा आणि दुसऱ्याच्या देण्याला वाट करून देणारा यांतील भेद बाहेरून पाहणाराला कळत नाही, हिशेब तपासल्यावरच कळतो. दानधर्माच्या प्रकरणांतही हे असेच असते.

याहून गंभीर प्रश्न पुढे आला तो कर्त्याच्या ओळखीचा. आपल्या नैयायिकांनी कारणाची व्याख्या करताना एक फार उपयुक्त भेद केला आहे. जे कार्याच्या पूर्वी नियमाने असते ते कारण, एवढे म्हणून त्यांचे समाधान झाले नाही. ते अन्यथासिद्ध नसावे, अशी आणखी एक अट त्यांनी घातली. घट तयार होण्यापूर्वी कुंभाराचा दंड आणि चाक होते, आणि माती वाहून आणणारे गाढवही होते. पण गाढव घटाचे कारण नव्हे, कारण माती त्याच्यावाचून अन्य मार्गानेही आली असती. अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे असता कार्य होते आणि नसता होत नाही, या दोन्ही कसोट्या लावूनच हा निवाडा करावयाचा असतो. धातूविरहित ग्राफीनच्या उत्प्रेरणात अन्वय सर्वांनी पाहिला होता. व्यतिरेक मात्र पुरेसा तपासला गेला नव्हता.

कारण हे ग्राफीन ऑक्साइड येते कोठून? ग्राफाइटचे ऑक्सिडीकरण ब्रॉडी याने 1859 सालीच केले होते; पण आज जी रीत सर्वत्र रूढ आहे ती हमर्स आणि ऑफमन यांनी 1958 साली प्रसिद्ध केली. तिच्या मूळ कृतीत 100 ग्रॅम ग्राफाइटसाठी 2.3 लिटर तीव्र गंधकाम्ल, 50 ग्रॅम सोडियम नायट्रेट आणि 300 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट लागते. परमँगनेटातील मँगॅनीज हा धातूच आहे. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून त्याला विद्राव्य रूपात आणतात आणि पाण्याने धूत राहतात. पण धुता धुता ग्राफीन ऑक्साइड फुगून जेलीसारखे होते, गाळणीतून पाणी उतरत नाही, आणि मँगॅनीजचा अंश पापुद्र्यांत अडकून राहतो. 2013 साली सिंगापूर येथे पुमेरा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की ऑक्सिजनच्या विद्युत्-अपचयनाचे, म्हणजे ऑक्सिजनला विद्युत्कण देण्याच्या क्रियेचे, जे श्रेय नायट्रोजनादि अणू मिसळलेल्या धातूविरहित ग्राफीनला दिले जात होते, ते या अडकून राहिलेल्या मँगॅनीजच्या सूक्ष्म अंशाकडे जाते. ज्याला गाढव समजून हिशेबाबाहेर ठेवले होते, त्याच्याच हाती चाक होते. सात वर्षांनी त्याच पुमेराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांची विष्ठा मिसळलेले ग्राफीन तयार करून तेही साध्या ग्राफीनहून अधिक सक्रिय ठरते असे प्रसिद्ध केले. त्यामागील तळमळ ध्यानात घेतली पाहिजे: नवनवी मूलद्रव्ये मिसळून ग्राफीनच्या गुणांची नामावळी वाढविणे आणि कारणाचा शोध घेणे ही एकच गोष्ट नाही, हे त्याला आपल्या व्यवसायबंधूंना पटवावयाचे होते.

एवढ्यावरून कार्बनचे कर्तृत्व संपूर्ण मिथ्या ठरविणेही अन्यायाचे होईल. 2016 साली जपानमध्ये त्सुकुबा येथील संशोधकांनी ग्राफाइटचे स्वच्छ, सुनियंत्रित नमुने घेऊन, पिरिडीनसारख्या जागी बसलेल्या नायट्रोजनच्या शेजारचा कार्बन-अणू हेच ऑक्सिजनच्या अपचयनाचे स्थान असल्याचा चांगला पुरावा दिला. म्हणजे काही ठिकाणी कार्बन खरोखर करतो, काही ठिकाणी त्याच्या नावावर दुसराच करतो, आणि प्रत्येक प्रकरणात स्वतंत्र चौकशी करून निकाल द्यावा लागतो. वॉरिक विद्यापीठात 2011 साली असेही आढळले की ताज्या ग्राफीन ऑक्साइडला ऑक्सिडीकरणातील लहान सेंद्रिय तुकडे घट्ट चिकटलेले असतात आणि अल्कलीने धुतल्यावर ते सुटतात. तेव्हा मूळ पापुद्रा कोणता आणि त्याच्यावरची पुटे कोणती, हेसुद्धा धुतल्याशिवाय सांगता येत नाही.

धुणे, परिमार्जन, हे या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे, आणि मला आचार्यांचे ते वचन येथे सर्वांत जवळचे वाटते. आपल्या धार्मिक आयुष्यात शुद्धीला आपण फार मोठे स्थान दिले. पण शुद्धीच्या विधीतून जे पाणी वाहून गेले ते कोणाच्या दारात गेले, याची नोंद आपल्या पोथ्यांत क्वचितच आढळते. ज्यांनी ते पाणी उचलले, ज्यांनी मैला वाहिला, त्यांना अशुद्ध ठरवून आपण आपली शुद्धी सिद्ध केली. हा आपल्या समाजाच्या जमाखर्चातील अतिशय लज्जास्पद अध्याय आहे. हरित उत्प्रेरणाच्या नावाने तोच प्रकार नव्या वेषात घडू नये असे मला मनापासून वाटते. बेंझाल्डिहाइडच्या निर्मितीत क्रोमियम वापरले नाही हे खरे. पण ग्राफीन ऑक्साइड करताना लागलेले गंधकाम्ल, मँगॅनीजयुक्त पाणी, आणि त्या धुण्याचा भार, हे सर्व एका टप्प्याने मागे ढकलले गेले असेल आणि दुप्पट वजनाने वापरले जात असेल, तर ते काम शुद्ध म्हणण्यापूर्वी मागील टप्प्याची खतावणी जोडली पाहिजे. शेल्डनच्या हिशेबात ती जोडण्याची सोय आहे; जोडण्याची इच्छा मात्र माणसाने आणावयाची असते.

परिमार्जनाचा अर्थ केवळ ओझे असा नाही, हेही सांगितले पाहिजे. खनिज तेलाचे जड रेणू फोडण्याची जी पद्धत 1942 साली अमेरिकेत बॅटन रूज येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर चालू झाली, आणि जी पुढे मुंबईत माहूलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतही आली, तिच्यात उत्प्रेरकाची बारीक पूड तेलाच्या वाफेबरोबर जेमतेम काही सेकंद काम करते आणि तेवढ्यात तिच्यावर कोळशाची पुटे चढतात. ती पूड लगेच दुसऱ्या पात्रात नेली जाते, तेथे हवेने तो कोळसा जाळला जातो, आणि स्वच्छ होऊन तापलेली पूड परत पहिल्या पात्रात येते. त्या जळण्यातून जी उष्णता निघते तिच्याच बळावर तेल फोडण्याचे काम चालते. कर्मातून चढलेला मळ जाळणे आणि पुढील कर्माला शक्ती मिळणे ही तेथे एकच क्रिया झाली आहे. दिवसाच्या शेवटी चित्ताची झडती घेण्याची जी साधना आपल्या संतांनी सांगितली, ती मला या यंत्राच्या जोडीला ठेवावीशी वाटते. मात्र त्या धुरांड्यातून निघणारा वायूही कोणीतरी श्वासावाटे घेतो, हे विसरून नव्हे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव, आणि असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी आहे, असाही निर्णय तेथेच दिला आहे. आज प्लॅटिनमच्या जागी इंधनघटांत वापरण्यासाठी ज्या द्रव्यावर सर्वाधिक परिश्रम चालू आहेत, त्यात ग्राफीनसारख्या कार्बनच्या जाळीत चार नायट्रोजन-अणूंनी धरलेला एकेक लोह-अणू बसविलेला असतो. कार्बनची जाळी हे अधिष्ठान, लोह हा कर्ता, नायट्रोजन हे करण, विद्युत्कणांची आणि प्रोटॉनांची ये-जा ही चेष्टा, अशी मांडणी सुचते खरी. परंतु जाळी बदलली की लोहाचा स्वभाव बदलतो, नायट्रोजन ढळला की लोह आम्लात विरघळून निघून जाते, आणि कर्ता म्हणून एकावर बोट ठेवता ठेवता ते बोट पाचांवरून फिरू लागते. या कर्तृत्वाचे वाटप अजून पुरते झालेले नाही. ते झालेच पाहिजे असा हट्टही मी धरणार नाही.

पाचव्या कारणाविषयी मात्र एक उदाहरण या शास्त्राच्या दप्तरात आहे, आणि ते मला कोणत्याही भाष्याइतके मोलाचे वाटते. 2003 साली लेडबीटर या इंग्लंडमधील रसायनज्ञाने सहकाऱ्यासह असे प्रसिद्ध केले होते की दोन सेंद्रिय रेणूंचे कार्बन-अणू एकमेकांना जोडणारी सुझुकी अभिक्रिया, जी पॅलेडियमवाचून होत नाही असे सर्व जग मानत होते, ती कोणताही धातू न घालता, पाण्यात आणि सोडियम कार्बोनेटच्या सान्निध्यात, घडविता येते. भांडी नवी होती, द्रव्ये तपासलेली होती, कार्य घडत होते. दोन वर्षांनी त्याच लेडबीटरने आपल्या कामाचा फेरविचार छापला: बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्ज भागांत 50 भाग इतके सूक्ष्म पॅलेडियम होते, आणि काम ते करीत होते. दैवाच्या रकान्यात असलेले ते 50 भाग त्याने स्वतःच्या हाताने कर्त्याच्या रकान्यात लिहिले. आणि तेव्हापासून, ग्राफीन असो वा दुसरे काही, धातूविरहित म्हणविणाऱ्या प्रत्येक दाव्याबरोबर सोडियम कार्बोनेटच्या बाटलीचीही झडती देणे भाग झाले.